निलगिरीची रांग दिसत नाही

पाण्याची टाकी, आठशे मीटर. गुरांचा हौद, दीड हजार. चर्चचा क्रूस, तीन हजार. निलगिरीची रांग, पाच हजार. डोंगराची कड, दहा हजार.

*

मंगळवारी दुपारी लाकडाचे चार ट्रक आमच्या कुंपणाला घासून गेले. चहाच्या कारखान्याच्या बॉयलरला ओलं लाकूडही चालतं.

*

वाळवून पोकळ केलेल्या भोपळ्यात दूध आंबवायला ठेवायचं तर आधी त्याला आतून कोळसा चोळतात. माझी आई हे काम दारात बसून करते आणि त्या वेळी कुणाशी बोलत नाही.

*

प्रश्न एकेचाळीस. अनियंत्रित हवाई क्षेत्रात समुद्रसपाटीपासून तीन हजार फूट किंवा जमिनीपासून एक हजार फूट, यांतलं जे जास्त असेल त्याच्या खाली उडताना वैमानिकाने ढगापासून किती अंतर ठेवावे?

*

माझ्या बायकोचे पाय आखूड आहेत. विमानाच्या पायपट्ट्यांपर्यंत पोचायला ती पाठीशी उशी घेते. उशी आमच्या बाहेरच्या खोलीतली आहे.

*

दृश्यता म्हणजे जमिनीजवळची ठळक वस्तू जास्तीत जास्त किती अंतरावरून दिसते आणि ओळखू येते, ते अंतर. नुसतं दिसून भागत नाही. ओळखू यायला लागतं.

*

आमच्या धावपट्टीवर हवा कशी आहे हे मी सांगतो. ती माझी नोकरी. फळ्यांची एक खोली आहे, तिला पूर्वेकडे खिडकी, खिडकीखाली टेबल, टेबलावर वही. खिडकीच्या चौकटीवर खुणांची यादी खिळ्यांनी ठोकलेली आहे, ती वर दिलीच. दर तासाला बाहेर बघायचं, कुठली खूण दिसते ते बघायचं, वहीत लिहायचं. जी शेवटची खूण दिसली तिचं अंतर, ती दृश्यता. फ्लाइंग क्लबातल्या कुणालाही उडायचं असेल तर आधी माझ्या वहीत बघावं लागतं. कॅप्टन वेकेसा, जे इथे शिकवतात आणि चाळीस वर्षं उडताहेत, तेसुद्धा स्वतःच्या डोळ्यांवर उडत नाहीत, माझ्या डोळ्यांवर उडतात.

मला सगळे मास्तर म्हणतात, कारण विद्यार्थ्यांना हवाई कायदा मी शिकवतो. घरात बायको मला किबिची म्हणते. चिडली की तीही मास्तर म्हणते.

बायकोचं नाव जेमेली.

चार वर्षांपूर्वी मी स्वतः वैमानिकाच्या परीक्षेला बसलो होतो. निम्म्या वाटेत ढग आले आणि परीक्षकांनी परत फिरवलं. हे मी आईला सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं, कारखान्याच्या फाटकावर ज्याने ज्याने विचारलं त्याला सांगितलं, आणि जेमेलीला तर त्याच संध्याकाळी सांगितलं. मी हे सांगत असताना कॅप्टन वेकेसा जवळ असले तर ते छताकडे बघतात. पुढे माझ्या लेखी परीक्षेची मुदत संपली. जुने निरीक्षक म्हातारे तिरोप निवृत्त झाले. त्यांची खुर्ची मला मिळाली.

*

जेमेली उडायला लागली ती पिठाच्या पोत्यामुळे.

कॅप्टनना मागच्या सीटवर वजन हवं होतं, भरलेलं विमान कसं उतरतं ते एका विद्यार्थ्याला दाखवायचं होतं. ती माझा डबा घेऊन आली होती. डोक्यावर मक्याच्या पिठाचं पोतं होतं.

"पोतं द्या," कॅप्टन म्हणाले.

"पोतं सासूबाईंचं आहे," ती म्हणाली. "पोत्याबरोबर मी येते."

गेली. उतरली तेव्हा तिच्या केसांवर पीठ होतं आणि तिने मला एकच प्रश्न विचारला: वळताना शेपूट आधी का घसरतं? मी तीस तास उडालो होतो. शेपूट घसरतं हे मला माहीत नव्हतं.

त्याच वर्षी क्लबाने गावातल्या एका बाईला फुकट शिकवायचं ठरवलं. बदल्यात तिने रविवारी विमानं धुवायची. फॉर्म मीच आणून दिला. आता वाटतं की फॉर्म आणून द्यायचा असतो आणि मग तो भरला जाऊ नये अशी इच्छा ठेवायची असते. तेवढं माझ्याकडून झालं होतं.

*

कायदा मी तिला जेवताना शिकवला. उगालीचं, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचं, पातेलं म्हणजे डोंगर, भाजीचा वाडगा म्हणजे मोठ्या विमानतळाचं नियंत्रित क्षेत्र, चमचा म्हणजे ती.

"वाडग्यात शिरायचं तर?" मी विचारलं.

"आधी रेडिओवर विचारायचं. हो म्हणाले तर शिरायचं."

"आणि बाहेर?"

"बाहेर कुणी विचारत नाही. आपणच डोळे उघडे ठेवायचे."

"आपली पट्टी समुद्रापासून किती उंच?"

"सहा हजार नऊशे फूट."

"मग तीन हजारांच्या खाली कोण उडतं?"

"कुणी नाही. विहिरीत उतरलं तर."

"मग नियमात तीन हजार कशाला लिहिलंय?"

ती हसली. "मोंबासावाल्यांसाठी. त्यांच्याकडे समुद्र आहे. आपण जमिनीपासून हजार फूट मोजायचे. जे जास्त असेल ते, असं लिहिलंय ना रे? त्याच्या खाली ढगाबाहेर राहायचं आणि जमीन दिसत राहायला हवी, बस. त्याच्या वर गेलं की ढगापासून नीट लांब. आणि आपल्या डोक्यावर तीन हजार शंभर फुटांवर दहा हजारांची रेघ. तिच्यावर आठ किलोमीटर दिसायला हवं. बरोबर?"

बरोबर होतं. ती पुस्तकाच्या पानाचा कोपरा दोनदा दुमडते, एकदा आत, एकदा बाहेर. तसा दुमडला आणि भांडी घासायला उठली.

मी पहिल्यांदा कायद्याचा पेपर दिला तेव्हा एकेचाळिसाव्या प्रश्नात तीन हजार फूट धरून बसलो होतो. म्हणजे आमच्या गावाखाली जवळजवळ चार हजार फूट, दगडात. दुसऱ्या खेपेला कळलं. तिला एका जेवणात कळलं, आणि तेही मी शिकवलं म्हणून. ‘मी शिकवलं' हे वाक्य मी तिच्या पेढ्यांच्या दिवशी म्हणायला राखून ठेवलं होतं.

(पेढे कुठले. आमच्याकडे आंबवलेलं दूध असतं. परीक्षा जिंकली, शर्यत जिंकली, की भोपळ्यातून कोळशाचं दूध पाजतात. माझ्या परीक्षेच्या दिवशी आई भोपळा भरून घेऊन आली होती. तसाच परत नेला. बसमध्ये सांडला आणि कंडक्टर तिला बोलला.)

*

शुक्रवार. जेमेलीची परीक्षा.

नैरोबीहून परीक्षक आले होते, कॅप्टन गुयो. ते तीन महिन्यांतून एकदा येतात. साडेदहाला त्यांना परतीला निघायचं होतं, कारण दुपारी डोंगरावर ढग उभे राहतात. जेमेलीच्या लेखी परीक्षेची मुदत ऑगस्टमध्ये संपत होती. आज नाही झालं तर सगळे पेपर पहिल्यापासून. परीक्षेसाठी पाच किलोमीटर दृश्यता लागते. पाच असले तर जा, नसले तर नको, मधलं काही नाही. हे सगळं त्या सकाळी तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मला सगळ्यांपेक्षा जास्त.

वही:

०६००. वारा शांत. धुकं. टाकी दिसत नाही. दृश्यता ४००.

०७००. वारा शांत. धुकं विरळ. हौद दिसतो. दृश्यता १५००.

०८००.

आठची नोंद लिहायला मी उठलो. खिडकीची काच पुसली. चर्चचा क्रूस स्वच्छ दिसत होता, त्याच्या पायऱ्यासुद्धा. त्याच्या पलीकडे उतार दिसत होता, हिरवा, आणि उताराच्या माथ्यावर जिथे इतकी वर्षं निलगिरीची काळी रांग असायची तिथे काही नव्हतं. कारण मंगळवारी ती कापून नेली होती. रांग गेल्यामुळे तिच्या मागचं नव्या शाळेचं निळं पत्र्याचं छप्पर उघडं पडलं होतं आणि त्यावर ऊन पडलं होतं.

डोंगराची कड ढगात होती.

यादीतली खूण गेली की निरीक्षकाने नवी खूण मोजून यादी बदलायची असते. हे काम माझं. मंगळवारी मी ते केलं नव्हतं, बुधवारी नाही, गुरुवारी नाही. आळस म्हणा. मी तेव्हा आळसच म्हणत होतो.

मी लिहिलं:

०८००. वारा पूर्वेकडून, मंद. क्रूस दिसतो. निलगिरीची रांग दिसत नाही. दृश्यता ३०००.

यातलं एकही वाक्य खोटं नाही, असं मी त्या वेळी मोजलं. शेवटचा तर आकडा आहे, आणि आकडा वरच्या वाक्यातून निघतो.

*

"झाडं अजून अंथरुणातच वाटतं," कॅप्टन गुयो वही बघून म्हणाले. ते भाजलेलं कणीस खात होते.

"दिसत नाहीत, सर."

कॅप्टन वेकेसा आठवडाभर किसुमूला मुलीकडे होते, सकाळीच आले होते. त्यांनी डोळे बारीक करून बाहेर पाहिलं. "मला बरंच दिसतंय, मास्तर."

"तुम्हाला काय दिसतं ते तुम्ही घरी सांगा," गुयो म्हणाले. "मला वहीतलं लागतं. तीन हजार म्हणजे तीन हजार. नवाला बघू. नवालाही झाडं उठली नाहीत तर मी चहा पितो आणि जातो."

जेमेली बाकावर बसली होती, उशी मांडीवर. तिने उशीच्या कडेचा दोरा तोडला.

मला आनंद झाला असं नाही. काहीतरी जागेवर बसलं, इतकंच. सकाळपासून ते जागेवर नव्हतं. पहाटे आईने भोपळा धुतला तेव्हापासून नव्हतं. आईने तो तिच्यासाठी धुतला, माझ्या आईने, माझाच भोपळा. गळ्याला मणी बांधलेला तोच, चार वर्षांपूर्वीचा.

मी ताटात काही वाढून घेतलं नव्हतं. माझ्या ताटातलं कुणी घेतलंही नव्हतं. तरी आत जे जळत होतं ते नेमकं त्या भोपळ्याच्या आकाराचं होतं.

*

साडेआठला ती खिडकीपाशी आली. बाहेरून. मी आत, ती बाहेर, मध्ये काच अर्धी उघडी.

"मास्तर," ती म्हणाली.

मी वर पाहिलं नाही.

"कारखान्यातल्या चेबेतचा नवरा मंगळवारी ट्रकवर होता. तीस झाडं म्हणाला. मुळं अजून काढायचीत."

"मग?"

"मग काही नाही. दिसत नाहीत हे खरंच आहे. नसलेली झाडं कशी दिसतील."

"नियमात यादीतली खूण—"

"नियम मला माहितीयेत. तूच शिकवलेस. दिसणं आणि ओळखू येणं." तिने मागे वळून उताराकडे बोट केलं नाही, नुसतं बोलली. "शाळेचं छप्पर आहे. झाडांच्या मागे. वरून मी ते रोज बघते, पट्टीच्या टोकापासून पाच हजार चारशे. नकाशावर मोजपट्टी ठेवून मोजलंय."

"यादीत नाही."

"नाही."

आत कॅप्टन गुयो दातातलं कणीस काढत वेकेसांना कुठल्यातरी जुन्या विमानाबद्दल सांगत होते.

"जाऊन सांग त्यांना," मी म्हणालो. "दोघं बसलेत. सांग की नवरा खोटं लिहितो."

"मी नाही सांगणार."

"का?"

"निरीक्षक तू आहेस ना? तुझं वाक्य लागतं. माझं नाही." तिने उशी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "एक कर, किबिची. ‘रांग दिसत नाही' असू दे. त्याच्यापुढचा आकडा मात्र माझ्याकडे बघून लिही."

आणि ती तिथेच उभी राहिली. काचेपासून हातभर अंतरावर. तिच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे. तो कधी आला मला माहीत नाही.

मला तिचा हेवा वाटत होता तो ती उडते म्हणून, असं मी धरून चाललो होतो. तसं नव्हतं. ती तिथे उभी राहू शकत होती याचा होता. तिच्या जागी मी असतो तर आत जाऊन आरडाओरडा केला असता, किंवा घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं असतं की ढग आले.

*

वही:

~~०८३०. विशेष नोंद. क्रूस दिसतो. दृश्यता~~

०८३५. विशेष नोंद. निलगिरीची रांग मंगळवारी तोडली, खूण रद्द. शाळेचं निळं छप्पर दिसतं आणि ओळखू येतं. अंतर ५४००. दृश्यता ५४००. आठची नोंद चुकीची. सही, कि.

"चुकीची" हा शब्द लिहायला पाच मिनिटं लागली असं नाही. पाच मिनिटं मी पेन उघडून बसलो होतो.

कॅप्टन गुयोंनी नोंद वाचली, मग मला वाचलं. "झाडं तोडली मंगळवारी. आज वार कुठला, मास्तर?"

"शुक्रवार, सर."

"बरं." त्यांनी कणसाचं बुटुक डब्यात टाकलं. "चला, मॅडम. उशी घ्या."

कॅप्टन वेकेसांनी या वेळी छताकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. त्यापेक्षा छप्पर परवडलं असतं.

*

ती कशी उडाली हे मला लिहायला हवं आणि मला ते लिहायचं नाही.

दुर्बिणीतून पाहिलं. पट्टीवरून उठताना तिचं विमान असं उठलं की जणू जमिनीनेच सोडून दिलं. मग रेडिओवर तिचा आवाज, घरात पीठ संपलंय हे सांगते त्याच आवाजात: नियंत्रित क्षेत्राच्या कडेला आहे, आत शिरायची परवानगी हवी. परवानगी मिळाली. शिरली. बाहेर आली. चाळीस मिनिटांनी चर्चच्या क्रूसावरून वळली, शेपूट अजिबात घसरलं नाही. तीनदा उतरायचं असतं. पहिल्यांदा उतरली तेव्हा मी मनात म्हटलं, नशीब. दुसऱ्यांदा उतरली तेव्हा मी मनात म्हटलं, वारा नाही ना. तिसऱ्यांदा वारा होता, आडवा, झेंडा ताठ. मी दुर्बीण खाली ठेवली. चाकांचा आवाज आला नाही, म्हणजे इतका हलका आला की मला वाटलं अजून हवेतच आहे.

मी उडायचो तेव्हा चाकं टेकली की कुत्री भुंकायची.

*

आई मोटारसायकलवर मागे बसून आली, भोपळा छातीशी धरून. कारखान्यातल्या चारजणी आल्या. कॅप्टन गुयोंनी कागदावर सही केली आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला कायदा कुणी शिकवला? वाडग्याच्या कडेला माझ्याआधी तुम्ही बोललात."

"वाडगा?" वेकेसा म्हणाले.

"तीच म्हणाली. नियंत्रित क्षेत्राला वाडगा म्हणते ही."

जेमेलीने माझ्याकडे हात केला. "यांनी. जेवताना."

हेच ते वाक्य, जे मी म्हणायला राखून ठेवलं होतं. ते तिने म्हटलं. आता मला काही म्हणायला उरलं नाही.

"दे तिला," आई म्हणाली आणि भोपळा माझ्या हातात ठेवला. "नवऱ्याने द्यायचा."

मी टोपण काढलं. कोळशाचा वास आला. टोपणात ओतून तिच्यापुढे धरलं.

"एवढा वेळ का लावलास?" आई म्हणाली. "भोपळा काही जड नाही."

"अर्धा सांडून आणलायस ना, म्हणून हलका," मी म्हणालो.

"मी नाही सांडत. सांडणारे दुसरे."

बायका हसल्या. जेमेली प्यायली, ओठांवर राखाडी रेघ उमटली, आणि उरलेलं टोपण तिने माझ्यापुढे केलं. सगळे बघत होते. मी प्यायलो. आंबट होतं, छान लागलं होतं, आणि मी ते तिच्याकडून घेऊन प्यायलो हे मला आजही सहन होत नाही.

*

यादीतली चौथी ओळ मी दुपारी खोडली. तिथे लिहिलं: शाळेचं छप्पर, पाच हजार चारशे. अंतर तिचं, अक्षर माझं.

वही भरत आली होती, म्हणून नवी काढायला कपाट उघडलं. खालच्या खणात तिरोपांच्या वेळच्या वह्या आहेत. त्यातली एक थोडी बाहेर आली होती. एका पानाचा कोपरा दोनदा दुमडलेला, एकदा आत, एकदा बाहेर, आणि घडीची रेघ जुनी, पिवळी पडलेली. म्हणजे पिठाच्या पोत्याच्याही आधीची. म्हणजे उगालीचं पातेलं डोंगर झालं त्या प्रत्येक रात्री, मी ढगांबद्दल बोलायचो आणि ती मान हलवायची त्या प्रत्येक वेळी, हे पान तिने वाचलेलं होतं.

पान चार वर्षांपूर्वीच्या सतरा जुलैचं, माझ्या परीक्षेच्या दिवसाचं, सकाळच्या आठचं. तिरोपांचं टपोरं अक्षर: वारा शांत. ढग नाहीत. डोंगराची कड दिसते. दृश्यता दहा किलोमीटर किंवा अधिक.